जुनी छायाचित्रे आणि आपले कर्तव्य

व्यापाऱ्याच्या घरी जुन्या वह्या जपण्याची चाल आहे. रोजकीर्द व खतावणी लाल कापडात बांधून पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावर राहतात. परंतु त्या वह्या ज्यांनी लिहिल्या, त्यांच्या छायाचित्रांची आपण तितकी काळजी घेतो काय? स्वतःपुरते सांगावयाचे तर आम्ही घेतली नाही. त्याची किंमत काय पडली, हे व्यापारी बंधूंस कळावे म्हणून हा लेखनप्रपंच.

सन २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात कृष्णाकाठच्या आमच्या भगिनीच्या घरात पाणी शिरले. घराण्यातील बहुतेक छायाचित्रे तिच्याकडील एका लोखंडी ट्रंकेत होती. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली, तो सर्व छायाचित्रे एकमेकांस चिकटलेली. आम्ही घाईने ती ओढून सोडविली व उन्हात घातली. कित्येकांवरील चेहरे मागच्या कागदास चिकटून निघून गेले. दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या, हे मागाहून एका जाणत्या छायाचित्रकाराने सांगितले.

जुन्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्राच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण असतात. त्या कणांचीच प्रतिमा बनते. जिलेटिन भिजले की फुगते आणि वाळताना सरसासारखे चिकटते. म्हणून भिजलेली छायाचित्रे वाळण्यापूर्वीच स्वच्छ थंड पाण्यात ठेवून अलगद सुटू द्यावीत, व सावलीत, चेहऱ्याची बाजू वर करून वाळवावीत. चौकटीच्या काचेस चिकटलेले छायाचित्र तर ओढूच नये. काचेसकट त्याची प्रतिमा उतरवून घ्यावी.

बाकीची काळजी आम्हां धान्यवाल्यांस नवी नाही. आपण पोत्यांची थप्पी जमिनीवर लावीत नाही, भिंतीस टेकवीत नाही. छायाचित्रांसही ओल व कसर यांचेच भय. बेळगावच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीलगतचे कपाट त्यांस वर्ज्य समजावे. एक गोष्ट मात्र उलटी आहे. गोदामात गोळ्यांची धुरी देतो, तिच्या वायूने तांबे व चांदी खराब होते; सबब छायाचित्रे गोदामाच्या माळ्यावर कदापि ठेवू नयेत. चिकट पानांचे आल्बम व चिकटपट्टी यांनीही कागद पिवळा पडतो. साधे, कोरडे कागदी पाकीट उत्तम.

आता नकलेविषयी. आमच्या नातवाने उरलेली छायाचित्रे स्कॅनरवर इंचास ६०० ठिपके या मापाने उतरविली. जपण्याची प्रत टिफ स्वरूपात ठेवावी व आप्तांस धाडण्यास जेपेग वापरावी. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने धाडलेले चित्र आकसते, तेव्हा तेच मूळ समजून ठेवू नये. प्रती तीन असाव्यात आणि त्यांतील एक परगावच्या नातलगाकडे असावी, म्हणजे एकाच पुरात सर्व जात नाही. नक्कल झाली म्हणून मूळ टाकून देऊ नये. खरेदीखताची नक्कल मिळाली म्हणून मूळ खत कोणी फाडीत नाही.

नकलेचे महत्त्व आपल्या समाजास कोणी शिकवावयास नको. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरील धवला ग्रंथाच्या नकला व्हाव्यात म्हणून सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद व मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी खटपट केली. त्या नकलांच्या आधारे सन १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली ग्रंथ छापून येऊ लागला. ही खटपट करणारे व्यापारीच होते.

परंतु आमची खरी हानी पुराने केली नाही. नकला तयार झाल्या तेव्हा आमच्या आत्याबाई एक्याण्णव वर्षांच्या होत्या आणि चेहरे ओळखणाऱ्या घरात त्या एकट्याच उरल्या होत्या. नातू म्हणे, "आजोबा, आत्याआजींजवळ बसून नावे लिहून घेऊ या." आम्ही म्हणालो, "तुरीचा हंगाम आहे, आवक ओसरू दे." आवक ओसरण्यापूर्वीच आत्याबाई निवर्तल्या.

सन १९३८ मध्ये आमच्या आजोबांनी रविवार पेठेत दुकान मांडले, त्या दिवसाचे छायाचित्र आमच्यापाशी आहे. सात माणसे बसलेली आहेत. पाचांची नावे आम्हांस ठाऊक. एक रुमाल बांधलेले, हाती तराजू धरलेले गृहस्थ आहेत. ते आणखी दोन छायाचित्रांत आजोबांच्या शेजारी दिसतात. दिवाणजी, भागीदार की कोणी आप्त, हे सांगणारे आता कोणी नाही. त्यांचा चेहरा स्पष्ट उतरला आहे, नातवाने तीन ठिकाणी जपूनही ठेवला आहे. आणि तरीही ते आमच्या घरातून गेलेच. मार्का पुसलेले पोते कोणाचे, हे माल कितीही चांगला असला तरी सांगता येत नाही.

म्हणून व्यापारी बंधूंस नम्र विनंती. यंदा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वह्यांची पूजा झाल्यावर घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ एक तास बसा. छायाचित्रांच्या पाठीवर कडेला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, नाते, गाव व साल लिहा. गुळगुळीत रंगीत छायाचित्रावर पेन्सिल उठत नाही, तेव्हा पाकिटावर लिहा. स्कॅनर पुढील महिन्यातही मिळेल. सांगणारे मिळतीलच, असे नाही.