परक्याच्या मद्यपानाचा उपसर्ग

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या हेन्री वेक्स्लर यांनी १९९३ साली १४० महाविद्यालयांतून जी पाहणी केली, तीत सुमारे ४४ टक्के विद्यार्थी अतिमद्यपी, म्हणजे पंधरवड्यात निदान एकदा एका बैठकीस पुरुष असल्यास पाच व स्त्री असल्यास चार पेले रिचवणारे, आढळले. परंतु मद्याला न शिवणाऱ्या वा मर्यादेत राहणाऱ्या सहाध्यायांची झोपमोड, अभ्यासातील व्यत्यय, अपमान, मारहाण, वस्तूंची नासधूस, नकोशी लैंगिक लगट आणि धुंद सोबत्याची शुश्रूषा, हा सारा उपसर्गही तीत नोंदला गेला. आणि जेथे अतिमद्यपी अधिक, तेथे तो अधिक, असे दिसून आले. म्हणून मद्यपान ही ज्याची त्याची खासगी बाब, ही सबब वसतिगृहात नामंजूर झाली पाहिजे. निर्वेध निद्रा व निर्भय वास्तव्य हा प्रत्येक विद्यार्थ्याचा हक्क असून त्याचे रक्षण हे संस्थेचे कर्तव्य होय.