झोपेतही डोळे उघडेच?

गाढ झोपलेल्या माणसाच्या पापण्यांच्या फटीतून डोळ्याचा पांढरा भाग दिसला, की पाहणारा दचकतो. झोपणाऱ्याला मात्र त्याचा पत्ताही नसतो. पापण्या पूर्ण न मिटण्याच्या या अवस्थेला वैद्यकीय परिभाषेत 'लॅगऑफ्थॅल्मॉस' म्हणतात. ग्रीक भाषेत 'लागोस' म्हणजे ससा. ससा उघड्या डोळ्यांनी झोपतो, या जुन्या समजुतीवरून हे नाव पडले.

धोका कशाला?
बुबुळावरील पारदर्शक पडदा, म्हणजेच कॉर्निया, अश्रूंच्या पातळ थरामुळे ओलसर राहतो. जागेपणी पापण्यांची उघडझाप हा थर पसरवत राहते. झोपेत मिटलेल्या पापण्या तो सुकू देत नाहीत. डोळा मिटताना बहुतेकांचे बुबुळ आपोआप वर सरकते. त्यामुळे लहानशी फट अनेकांना बाधत नाही. तान्ह्या बाळांतही ती बहुधा निरुपद्रवी असते. हे संरक्षण अपुरे पडले, तर कॉर्नियाचा खालचा भाग रात्रभर कोरडा पडतो. पंख्याचा किंवा एसीचा झोत त्यात भर घालतो. सकाळी उठताच डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, लाली आणि अंधूक दिसणे ही त्याची लक्षणे होत.

कारणे कोणती?
पापणी मिटवणाऱ्या स्नायूला चेहऱ्याची नस आज्ञा देते. 'बेल्स पाल्सी'मध्ये ही नस दुबळी होऊन चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते. थायरॉइडच्या विकारात डोळे पुढे येतात, तर पापणीवरील जखम वा शस्त्रक्रियेनंतर कातडी अपुरी पडू शकते. कुष्ठरोगात धोका दुहेरी असतो. पापणी मिटत नाही आणि कॉर्नियाची संवेदनाही हरपते. वेदनाच नसल्याने व्रण वाढत जातो व दृष्टी गमावण्याची वेळ येते. औषधांनी जंतू नष्ट झाले, तरी नसेची हानी उरू शकते. म्हणूनच अशा रुग्णांची नेत्रतपासणी चुकवून चालत नाही.

उपाय काय?
दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि रात्री झोपताना वंगणयुक्त मलम, हा पहिला उपाय. ओलावा टिकवणारा चष्माही वापरता येतो. पापणीवर पट्टी मात्र डॉक्टरांनी शिकवल्याशिवाय लावू नये. ती सरकली तर कॉर्नियालाच घासते. दीर्घकालीन त्रासात वरच्या पापणीत सोन्याचे छोटे वजन बसवतात, किंवा पापण्यांच्या कडा अंशतः शिवतात.

चेहरा अचानक वाकडा झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. तो अर्धांगवायूचा झटकाही असू शकतो. बेल्स पाल्सी असल्यास पहिल्या 72 तासांत सुरू केलेली स्टिरॉइड औषधे गुणकारी ठरतात. रोज सकाळी डोळे खुपत असतील, तर झोपेत पापण्या मिटतात का, हे घरातील कुणाला तरी पाहायला सांगावे. निदानाची सुरुवात बहुधा तेथूनच होते.