लोखंडी शेड: ऐकीव समज आणि खरं गणित

एमआयडीसीतला कारखाना असो, गावाकडचं गोदाम असो की मंगल कार्यालय. मालक आणि फॅब्रिकेटर यांची बोलणी बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येऊन ठेपतात: किती टन लोखंड लागेल? पण नुसत्या टनांवर इमारत टिकत नाही. छपरावरचा भार पायापर्यंत कोणत्या वाटेने उतरतो आणि त्या वाटेवरचा प्रत्येक भाग त्याला पुरा पडतो का, हे महत्त्वाचं. त्या दृष्टीने पाहिलं की काही पक्के समज टिकत नाहीत.

गैरसमज १: बीम वाकतोय? मग वरच्या ग्रेडचं पोलाद घ्या.

वस्तुस्थिती: ग्रेड सांगतो ‘यील्ड’, म्हणजे कोणत्या ताणानंतर पोलाद कायमचं वाकडं होऊ लागतं ते. ई २५० ग्रेडमध्ये तो चौरस मिलिमीटरला साधारण २५० न्यूटन, ई ३५० मध्ये ३५०. भार उतरल्यावर सरळ होणारा वाक मात्र पोलादाच्या लवचिकतेच्या गुणांकावर ठरतो आणि तो दोन्हींत सारखाच, चौरस मिलिमीटरला सुमारे २ लाख न्यूटन. म्हणून त्याच मापाचा बीम महागड्या ग्रेडमध्ये घेतला तरी तितकाच वाकेल. वाक कमी करतो तो आकार. आयएसएमबी ३०० उभा बसवला तर त्याचा मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे आकारामुळे वाकण्याला होणारा विरोध, सुमारे ८,६०० सेंमी⁴ असतो, आडवा टाकला तर जेमतेम ४५०. वजन तेवढंच, पण वाक जवळपास १९ पट.

गैरसमज २: कॉलम चिरडला तरच मोडतो.

वस्तुस्थिती: सडपातळ कॉलम चिरडण्याच्या कितीतरी आधी बाजूला वाकतो. हे बकलिंग. खराट्याची हीर ओढून तुटता तुटत नाही, पण दोन्ही टोकांनी दाबली की लगेच झुकते. अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलर यांनी याचं सूत्र मांडलं. त्यानुसार सडपातळ कॉलमची लांबी दुप्पट झाली की त्याची क्षमता चौथ्या हिश्शावर येते. त्यामुळे शेडची उंची ऐनवेळी वाढवणं हा किरकोळ बदल नव्हे. २९ ऑगस्ट १९०७ रोजी कॅनडातला क्वेबेक पूल बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि ७५ कामगार दगावले. दाब घेणारे खालचे भाग बकल झाले होते. पुलाचा गाळा वाढवला, पण त्याच्या स्वतःच्या वजनाचं गणित वेळेत नव्याने केलं गेलं नव्हतं.

गैरसमज ३: छपरावरचा भार खालीच दाबतो.

वस्तुस्थिती: वारा छप्पर वर उचलतो. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. वेगाच्या वर्गाला ०.६ने गुणलं की चौरस मीटरला सुमारे १,१६० न्यूटन, म्हणजे जवळपास ११८ किलोंचा दाब मिळतो. उंची, परिसर आणि उघडी दारं यांनुसार तो बदलतो. पत्रा आणि पर्लिन (पत्र्याखालचे आडवे आधार) यांचं मिळून वजन याच्यापुढे फारच थोडं. म्हणून अँकर बोल्ट कॉलमला नुसते जागेवर ठेवत नाहीत, खाली धरूनही ठेवतात. तिरकी ब्रेसिंग वाऱ्याचा आडवा जोर पायापर्यंत नेते. ट्रकच्या आड येते म्हणून ती कापली, तर भाराची वाटच तुटते.

गैरसमज ४: बीम-कॉलम भक्कम असले की पुरे, जोड साइटवर जमवता येतो.

वस्तुस्थिती: अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात १७ जुलै १९८१ रोजी दोन टांगते पूल कोसळून ११४ जणांचा जीव गेला. मूळ आराखड्यात दोन्ही पूल छतापासून आलेल्या अखंड सळ्यांना टांगलेले होते. बांधणी सोपी जावी म्हणून अखंड सळीऐवजी दोन वेगळ्या सळ्या लावल्या आणि खालचा पूल वरच्या पुलाला टांगला. त्यामुळे वरच्या पुलाच्या जोडावर दुप्पट भार आला. सळ्या तुटल्या नाहीत, जोड निसटला.

गैरसमज ५: पोलाद जळत नाही, म्हणून आगीची भीती नाही.

वस्तुस्थिती: भारतीय मानकातल्या सूत्रानुसार सुमारे ५६० अंश सेल्सिअसला पोलादाचा यील्ड निम्मा उरतो. वितळण्याच्या खूप आधी छप्पर खाली येऊ शकतं.

गैरसमज ६: भार दीडपट धरलाय, म्हणजे अजून अर्धा चढवता येईल.

वस्तुस्थिती: आयएस ८००:२००७मधला १.५चा गुणक भारांच्या अंदाजातली अनिश्चितता झाकण्यासाठी आहे. ती शिल्लक क्षमता नव्हे. सोलर पॅनेल, पाण्याची टाकी किंवा चेनपुली नंतर लावायची असेल, तर डिझाइन पुन्हा तपासायलाच हवं.

ड्रॉइंग हाती आलं की टनांच्या आधी चार गोष्टी विचारा: कोणते भार धरलेत, वाऱ्याचा वेग किती घेतला, ब्रेसिंग कुठे आहे आणि जोडांचे तपशील कोणी तपासले? उत्तरं लेखी घ्या आणि जपून ठेवा. उद्या शेड वाढवायची झाली, तर इंजिनियरला गणित तिथूनच सुरू करावं लागेल.