टॅबचा पडदा : खोक्यावरचं नाव आणि प्रत्यक्ष काच

‘हा साधा एलसीडी नाही, आयपीएस आहे,’ हे वाक्य टॅबच्या दुकानात हमखास ऐकू येतं. ऐकणाऱ्याचा समज होतो की एलसीडी ही हलकी जात आणि आयपीएस ही वेगळी, वरची. प्रत्यक्षात आयपीएस हा एलसीडीचाच एक प्रकार आहे. ‘टीएफटी’ या शब्दाचंही तसंच. काही कंपन्या माहितीपत्रकात नुसतं ‘टीएफटी’ लिहितात आणि गिऱ्हाईक बिचकतं. टीएफटी म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूला हुकूम देणारे अतिशय पातळ ट्रान्झिस्टर. ते आयपीएसमध्ये असतात, तसेच अ‍ॅमोलेडमध्येही असतात. त्यावरून पडदा चांगला की वाईट, हे काहीच कळत नाही.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण टॅब आता केवळ हौसेची वस्तू राहिलेली नाही. ‘महाज्योती’सारख्या संस्थेने जेईई, नीट आणि सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांच्या हाती टॅब दिले. इतर कितीतरी घरांनी पोटाला चिमटा काढून ते घेतले. मुलं त्यावर तासन्‌तास वाचतात. निवड चुकली तर त्याची किंमत मुलांचे डोळे आणि घरचा खिसा मोजतात.

उजेड कुठून येतो

टॅबच्या बहुतेक पडद्यांचे मुळात दोनच वर्ग. एलसीडीतले द्रवस्फटिक स्वतः उजेड देत नाहीत. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिड्रिश रायनिट्झर यांना १८८८ मध्ये या पदार्थांचं विचित्र वागणं पहिल्यांदा दिसलं. हे स्फटिक वळले की त्यांतून जाणारा उजेड कमी-जास्त होतो. म्हणजे मागे दिवा हवाच. आकाशकंदिलात एकच दिवा जळतो आणि रंग दाखवतो तो बाहेरचा कागद, तशी ही रचना. ओलेडमध्ये मागचा दिवाच नसतो. प्रत्येक बिंदू स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये अशा सेंद्रिय दिव्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. टॅबमध्येही हे तंत्र कालपरवा आलेलं नाही. सॅमसंगने २०११ मध्येच अ‍ॅमोलेड पडद्याचा ७.७ इंची टॅब आणला होता.

जुन्या ‘टीएन’ जातीच्या एलसीडीत खालून किंवा बाजूने पाहिलं की रंग उलटेपालटे व्हायचे. हिताची कंपनीने १९९६ मध्ये बाजारात आणलेल्या आयपीएसमध्ये स्फटिक काचेला समांतर राहूनच फिरतात, म्हणून दोघातिघांनी एकाच टॅबमध्ये डोकावलं तरी रंग टिकतात. आयपीएसचा खरा गुण हा. काळा रंग मात्र त्याला पूर्ण जमत नाही. मागचा दिवा चालूच असल्याने थोडा उजेड पाझरतो. सिनेमातला रात्रीचा प्रसंग अंधाऱ्या खोलीत पाहिला की काळ्याऐवजी राखाडी धुकं दिसतं, ते यामुळे. ओलेडवर काळा म्हणजे विझलेला बिंदू, त्यामुळे तो काळाच दिसतो.

‘एलईडी’, ‘रेटिना’, ‘मिनी एलईडी’

ही नावं ऐकून प्रत्येक पडदा वेगळ्या जातीचा वाटतो. ‘एलईडी डिस्प्ले’ म्हणून विकला जातो तो बहुतेक वेळा एलसीडीच. एलईडी असतो तो त्याच्या मागचा दिवा. ‘रेटिना’ हे अ‍ॅपलचं व्यापारी नाव आहे, तंत्राचं नाही. ‘लिक्विड रेटिना’ एलसीडी असतो आणि आयफोनवरचा ‘सुपर रेटिना’ ओलेड. अ‍ॅमोलेड ही ओलेडहून निराळी जात नव्हे. टॅबमध्ये येणारे ओलेड पडदे सगळे अ‍ॅमोलेडच असतात.

मिनी एलईडीबद्दलचा गोंधळ जरा महागात पडणारा आहे. अनेकांना तो ओलेडच्या पुढचा टप्पा वाटतो. तो एलसीडीच आहे, फक्त मागच्या दिव्याचे बारीक बारीक तुकडे केलेले असतात. २०२१ च्या १२.९ इंची आयपॅड प्रोमध्ये १०,००० हून अधिक एलईडी २,५९६ विभागांत वाटलेले होते. पण त्या पडद्यावर बिंदू आहेत ५५ लाखांहून अधिक. म्हणजे एका विभागाच्या वाट्याला सुमारे २,१५० बिंदू येतात. काळ्या दृश्याखाली पांढरी सबटायटल्स आली की त्या विभागाचा दिवा पेटतो आणि अक्षरांभोवती मंद प्रभा दिसते. हा त्या एखाद्या टॅबमधला दोष नव्हे, रचनाच तशी आहे. ज्यात प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे पेटतो, तो ‘मायक्रो एलईडी’ वेगळा. नावं जवळची असली तरी दोन तंत्रांत मोठं अंतर आहे.

‘ओलेड घेतला की बॅटरी वाचते’

अर्धवट खरं. ओलेडची वीज पडद्यावर काय आहे यावर ठरते. काळ्या भागाला जवळजवळ काहीच लागत नाही आणि पांढऱ्याला सर्वांत जास्त लागते. मिनी एलईडी सोडला तर एलसीडीचा मागचा दिवा दोन्ही वेळी तितकाच जळतो. आता आपली मुलं टॅबवर काय पाहतात? पांढऱ्या पानांच्या पीडीएफ, पाठ्यपुस्तकं, सराव प्रश्नपत्रिका. अशा पांढऱ्याशुभ्र पानांवर ओलेडची बचत संपते, उलट तो एलसीडीपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो.

मग डार्क मोड? अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये ओलेड फोनवर हे मोजून पाहिलं. ब्राइटनेस पूर्ण असताना डार्क मोडने ३९ ते ४७ टक्के वीज वाचली. पण आपण घरात ठेवतो तशा ३० ते ५० टक्के ब्राइटनेसवर बचत सरासरी ३ ते ९ टक्केच भरली. बहुतेक एलसीडी टॅबवर डार्क मोड लावून बॅटरी वाचवू पाहणं तर व्यर्थच आहे.

‘ओलेडवर डाग पडतात’

ही भीती निराधार नाही, पण ती सरसकट बाळगू नये. सेंद्रिय पदार्थ जळून जळून मंद होतात आणि निळा सर्वांत लवकर. एकच चिन्ह, एकच पट्टी महिनोन्‌महिने त्याच जागी प्रखर राहिली तर तिथले बिंदू लवकर झिजतात आणि तिची सावली उमटते. दिवसाचे दोन-चार तास वेगवेगळ्या गोष्टी पाहणाऱ्याने याची धास्ती घेऊ नये. मात्र दुकानाच्या काउंटरवर बिलिंगसाठी किंवा हॉटेलात मेनूकार्ड म्हणून टॅब दिवसभर पेटता ठेवायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे : एलसीडीच घ्यावा. २०२४ च्या आयपॅड प्रोमध्ये ओलेडचे दोन थर एकावर एक ठेवले आहेत. दोघांनी मिळून उजेड द्यायचा असल्याने प्रत्येक थरावरचा ताण कमी होतो. संपूर्ण पडद्यावर १,००० निट्सची प्रखरता देणं त्यामुळेच साधलं.

डोळ्यांचं काय?

पालकांच्या मनातला खरा प्रश्न हा, आणि सर्वांत जास्त दिशाभूलही इथेच होते. ‘निळा प्रकाश डोळे खराब करतो’ असं सांगून चश्मे विकले जातात, फिल्मा चिकटवल्या जातात. पडद्यातून येणारा निळा प्रकाश दिवसाच्या उजेडातल्या निळ्या प्रकाशापुढे अगदीच थोडा असतो. त्याने डोळ्यांना इजा होते असा पुरावा नाही, असं अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची अकादमी सांगते. कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये असे चश्मे वापरून झालेल्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या. डोळ्यांचा थकवा कमी करण्यात साध्या चश्म्याच्या तुलनेत त्यांचा अल्पकाळात काही उपयोग दिसला नाही.

डोळे चुरचुरतात ते मुख्यतः पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात म्हणून, आणि नजर तासभर एकाच अंतरावर खिळून राहते म्हणून. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहायचं, या फुकटच्या उपायाची सर कोणत्याही फिल्मेला नाही.

पॅनलवर अवलंबून असलेली एक गोष्ट मात्र आहे : लुकलुक. ब्राइटनेस कमी केला की बरेच ओलेड पडदे उजेड खरोखर कमी करत नाहीत. ते सेकंदाला शेकडो वेळा पेटतात-विझतात आणि विझण्याचा वेळ वाढवतात. बहुतेकांना हे जाणवत नाही, पण काहींचं डोकं यामुळे दुखतं. तपासणं सोपं आहे. टॅबवर पांढरं पान उघडून ब्राइटनेस अगदी खाली आणा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड लावून शटर १/१००० वर ठेवा आणि कॅमेरा टॅबवर धरा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर पडदा लुकलुकतो आहे. ‘एलसीडी म्हणजे लुकलुक नाही’ हेही गृहीत धरू नका, काही एलसीडींचे मागचे दिवेही अशाच पद्धतीने मंद केले जातात. ज्यांना त्रास होतो त्यांनी रात्री पडदा मंद करण्यापेक्षा खोलीतला दिवा लावावा आणि ब्राइटनेस मध्यम ठेवावा.

आकाश आणि आयपॅड

ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्लीत केंद्र सरकारच्या स्वस्त ‘आकाश’ टॅबचं अनावरण झालं. ७ इंची पडदा, ८०० गुणिले ४८० बिंदू. भागाकार केला तर इंचाला सुमारे १३३ बिंदू. त्याआधीच्या वर्षी आलेल्या पहिल्या आयपॅडवर इंचाला १३२ होते. बिंदूंच्या दाटीत दोन्ही सारखेच, पण वापरण्यात जमीन-अस्मानाचा फरक. आयपॅडवर आयपीएस पडदा होता आणि बोटाच्या हलक्या स्पर्शाने तो चाले. आकाशचा पडदा दाबावा लागे. ‘पीपीआय (इंचाला बिंदू) जास्त तो पडदा चांगला’ हे समीकरण तपासायला याहून चांगली जोडी मिळणार नाही.

तरीही दाटीला अर्थ आहे, ठरावीक मर्यादेपर्यंत. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं बारीक अंतर ओळखतो. टॅब ४० सेंटिमीटरवर धरला तर ही मर्यादा इंचाला सुमारे २१८ बिंदूंशी येते, आणि ३० सेंटिमीटरवर २९१ शी. देवनागरी वाचणाऱ्याने दोनशेच्या खाली जाऊ नये असं मला वाटतं. शिरोरेघेवर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, शिवाय ‘द्ध’ नि ‘द्ध्य’सारखी जोडाक्षरं, एवढं सगळं तेवढ्याच उंचीत बसवायचं असतं. विरळ पडद्यावर बारीक छपाईच्या पीडीएफमधला अनुस्वार मात्रेत मिसळून जातो. तीनशेच्या वरचे आकडे मात्र टॅबवर बहुतेकांच्या डोळ्यांना दिसतच नाहीत, त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

१२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं करण्याचा, पॅनलच्या जातीशी संबंध नाही. २०१७ च्या आयपॅड प्रोने तो एलसीडीवरच दिला होता. सरकवताना अक्षरं स्थिर दिसतात आणि पेनने लिहिताना रेघ लवकर उमटते, हा त्याचा फायदा. आणि पडदा उत्तम असूनही नेटफ्लिक्सवर चित्र धूसर दिसत असेल तर दोष बहुधा पॅनलचा नाही. अँड्रॉइड टॅबला ‘वाइडव्हाइन एल१’ हे प्रमाणपत्र नसलं की तिथे एचडी दर्जा मिळतच नाही. घेण्याआधी हे विचारून घ्यावं.

५०० निट्स, तरी उन्हात दिसेना

२०२२ मध्ये आलेले साधा आयपॅड आणि आयपॅड एअर शेजारी ठेवा. दोन्ही १०.९ इंची, दोन्ही २३६० गुणिले १६४०, दोन्ही आयपीएस एलसीडी, दोन्ही ५०० निट्स, दोन्ही ६० हर्ट्झ. एअरचे रंग थोडे अधिक व्यापक, एवढं सोडलं तर कागदावर जुळी भावंडं. ओसरीत बसून वाचायला घेतले की फरक लख्ख दिसतो.

कारण काचेत आहे. एअरमध्ये वरची काच आणि खालचं पॅनल एकसंध चिकटवलेलं असतं. साध्या आयपॅडमध्ये दोन्हींमध्ये हवेची पातळ फट असते. हवा आणि काच जिथे भेटतात तिथून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. चिकटवलेल्या पडद्यात अशी भेट मुख्यतः एकाच ठिकाणी होते, फट असलेल्यात तीन ठिकाणी. भर दुपारी मोकळ्या सावलीत साधारण १०,००० लक्स उजेड असतो, तिथल्या पांढऱ्या भिंतीची प्रखरता सुमारे २,५०० निट्स भरते. तिचं प्रतिबिंब चिकटवलेल्या काचेवर १०० निट्सचं पडेल, फटवाल्यावर जवळजवळ ३०० चं. ५०० निट्सचा पडदा घेतला तर पहिल्यावर पांढरं काळ्याच्या सहापट उजळ दिसेल, दुसऱ्यावर तिपटीहूनही कमी. एअरच्या काचेवर प्रतिबिंब कमी करणारा लेपही असतो, त्यामुळे प्रत्यक्षात दरी आणखी वाढते. म्हणूनच नुसता निट्सचा आकडा पाहून उन्हातल्या वाचनाचा अंदाज बांधता येत नाही. पेनने लिहिणाऱ्याला हीच फट वेगळी जाणवते : टोक एकीकडे आणि रेघ किंचित खाली, खोल पाण्यात उमटल्यासारखी.

खोक्यावर ही गोष्ट क्वचितच छापलेली असते. दुकानात पडदा बंद करून तिरका धरा. छतावरच्या ट्यूबलाइटची एकच स्पष्ट रेघ दिसली तर पडदा बहुधा चिकटवलेला आहे, एकमेकांपासून जरा सुटलेल्या दोन-तीन दिसल्या तर आत फट आहे.

फट म्हणजे निव्वळ तोटा, असंही नाही. चिकटवलेला पडदा फुटला की काचेसह अख्खं पॅनल बदलावं लागतं आणि ओलेड असेल तर तो खर्च टॅबच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. फट असलेल्यात पॅनल शाबूत असेल तर नुसती वरची काच बदलून काम भागतं. रोज दप्तरात कोंबला जाणारा, एसटीतून प्रवास करणारा टॅब घेत असाल, तर त्या मॉडेलची नुसती काच बदलून मिळते का आणि किती रुपयांत, हे गावातल्या दुरुस्तीवाल्याला घेण्याआधीच विचारून ठेवा.