'आरव' म्हणजे नक्की काय?

मुलांच्या नावांची कुठलीही यादी काढा. 'आरव'समोर अर्थ असतो 'शांत'. कुठे 'मधुर ध्वनी'. काही ठिकाणी तर दोन्ही, मध्ये स्वल्पविराम देऊन! शांतही आणि ध्वनीही? पीएचडीच्या तयारीत असलेल्यांनी हा प्रश्न स्वतः सोडवून बघावा.

आधी कोश उघडायचा. अमरकोशाच्या शब्दादिवर्गात 'आवाज' या अर्थाच्या शब्दांत नाद, ध्वनी, रव यांच्याबरोबर 'आरव' आणि 'आराव' दोन्ही आहेत. धातू 'रु', म्हणजे आवाज करणे. पाखरांच्या कलरवातला 'रव' तोच. मोनियर-विल्यम्स तर ओरडणं, आक्रोश, गडगडाट असे अर्थ देतो. मधुरपणा यादीवाल्यांच्या पदरचा.

पण कोशावर थांबू नका, शब्द बनला कसा तेही बघा. पाणिनीच्या ३.३.२२ या सूत्राप्रमाणे उपसर्ग लागलेल्या 'रु'ला घञ् प्रत्यय होतो आणि 'संराव'सारखं, लांब 'रा' असलेलं रूप मिळतं. या हिशोबाने 'आराव'च व्हायला हवं होतं. मग 'आरव' कुठून आला? ३.३.५० मध्ये खास सोय आहे: उपसर्ग 'आ' असेल तर घञ् विकल्पाने. म्हणून दोन्ही रूपं बरोबर. एका बाळाच्या नावासाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण इथे कोश आणि व्याकरण वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचतात, आणि पुरावा भक्कम होतो तो असा.

'शांत' कुठून आलं असेल? माझा तर्क असा, आणि तो तर्कच समजा: 'अ' ऱ्हस्व घेतला तर अ-रव, म्हणजे आवाज नसलेला. रोमन लिपीत 'अ' आणि 'आ' सहज मिसळतात. तिथेच घोळ झाला असावा.

आणखी एक सापळा. गौरव, कौरव, भैरव यांच्या शेवटीही 'रव' दिसतो, पण त्यांचा या धातूशी काही संबंध नाही. ते गुरु, कुरु, भीरु यांच्यापासून आले. पहिल्या स्वराची वृद्धी झाली, इतकंच. उलट ज्याच्या शेवटी 'रव' नाही तो रावण, परंपरेने दिलेल्या व्युत्पत्तीप्रमाणे, 'रु'च्याच प्रयोजक रूपातून आलेला: आक्रोश करायला लावणारा. म्हणजे आरवचा खरा भाऊबंद गौरव नव्हे, रावण. आता हे बारशाला सांगायचं की नाही, तुम्ही बघा.