नद्यांवरचे आरमार : कॅप्टन मोहन नारायण राव सामंत

महावीरचक्राच्या मानपत्रात कमांडर मोहन नारायण राव सामंत यांच्या नावे डिसेंबर 1971 मधील चारच दिवसांची, 8 ते 11 या तारखांची, कामगिरी नमूद आहे. परंतु त्या चार दिवसांच्या मागे जे कित्येक महिन्यांचे गुप्त परिश्रम उभे होते, त्यांचे अस्तित्वच सरकारदफ्तरी मान्य नसल्यामुळे ते त्यात उतरू शकले नाहीत, आणि सामंतांच्या कारकीर्दीचे खरे मोल, माझ्या मते, त्या अलिखित महिन्यांतच आहे.

सामंत मूळचे पाणबुडीवरचे अधिकारी. सोव्हिएत संघातील रीगा बंदरात 4 सप्टेंबर 1969 रोजी ‘करंज’ ही पाणबुडी भारतीय नौदलात दाखल झाली, तेव्हा तिचे आधिपत्य त्यांच्याकडे होते. मोजक्या हवेत आणि मोजक्या शब्दांत काम उरकण्याची जी सवय पाणबुडी माणसाच्या अंगी बाणवते, ती पुढे दिल्लीत, नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात, त्यांच्या कामी आली.

मार्च 1971 मध्ये पाकिस्तानी लष्कराने पूर्व बंगालात कत्तल आरंभली, त्याच सुमारास फ्रान्समधील तूलाँ बंदरात ‘मँग्रो’ या पाकिस्तानी पाणबुडीवरचे आठ बंगाली नौसैनिक निसटले व माद्रिदमार्गे भारतात पोहोचले. या आठांच्या भोवती एक गुप्त जलपथक उभारण्याचे ठरले आणि त्याची घडण सामंतांवर सोपविण्यात आली. प्लासीच्या रणभूमीनजीक, भागीरथीच्या काठी, तळ पडला. पुष्कळसे शिपाई कोवळे विद्यार्थी होते. छातीशी चुंबकी सुरुंग बांधून रात्री प्रवाहाबरोबर पोहत जाणे, जहाजाच्या बुडाशी धातूवर साचलेला थर खरवडून सुरुंग चिकटविणे आणि तो फुटण्यापूर्वी दूर निघणे, हे तिथे त्यांच्याकडून पुन:पुन्हा करवून घेतले जाई. आकाशवाणीवर लागणारी ठरावीक गाणी हीच हल्ल्याची खूण होती. 15 ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज येथे एकाच वेळी स्फोट झाले. ज्या मुलखात फौजेचे धान्य व दारूगोळा मुख्यत: नद्यांवरून जातो, तेथे जलमार्ग असुरक्षित होणे म्हणजे सैन्याची नाडीच आवळली जाणे होय.

डिसेंबरात युद्ध उघडपणे पेटले, तेव्हा सामंतांच्या हाती आलेले आरमार मात्र विलक्षण होते: नौदलाची छोटी गस्तनौका ‘पनवेल’, कोलकाता बंदराकडून मिळालेल्या व 40 मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसविलेल्या ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या, नौका, आणि सीमा सुरक्षा दलाची ‘चित्रांगदा’. अनोळखी, गाळाने भरलेल्या पात्रांतून ते मोंगलाला पोहोचले आणि तेथून ‘चित्रांगदा’ मागे ठेवून खुलन्याकडे निघाले. 10 डिसेंबरला खुलन्याजवळ, ओळखीसाठी पिवळी खूण असूनही, आपल्याच विमानांनी त्यांच्यावर हल्ला केला. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ दोन्ही गेल्या. ‘पलाश’वरील यंत्रतंत्रज्ञ रुहुल अमीन यांनी नौका सोडण्याचे नाकारले, जखमी अवस्थेत काठाला लागलेल्या या वीराला पाकिस्तानी लष्कराच्या साथीदार रझाकारांनी ठार केले. सामंतांनी, मानपत्राच्या साक्षीने, शत्रूचा मारा चालू असताना बुडणाऱ्यांपैकी पुष्कळांना उचलून घेतले आणि त्यानंतर माघार न घेता ‘पनवेल’वरून खुलन्यावर पुन्हा तोफा डागल्या. कमांडर ज्या घडीला आपली दोन-तृतीयांश शक्ती गमावतो, त्या घडीला पुढे जाण्याचा त्याचा निर्णय केवळ धैर्याचा नसतो. मृतांचे बलिदान वाया जाऊ न देण्याचे ते कर्तव्य असते.

‘पनवेल’चे कप्तान नरोन्हा आणि खलाशी चिमन सिंग यांनाही महावीरचक्र मिळाले, जखमी झालेले चिमन सिंग शत्रूच्या कैदेतही पडले होते. रुहुल अमीन यांना बांगलादेशाने ‘वीरश्रेष्ठ’ हा आपला सर्वोच्च बहुमान दिला. एकाच मोहिमेत दोन राष्ट्रांची अशी पदके एकत्र येणे आपल्या इतिहासात दुर्मीळ आहे.

सामंत मार्च 2019 मध्ये निवर्तले, आणि संदीप उन्नीथन यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या ‘ऑपरेशन एक्स’ या ग्रंथातून ही हकिगत त्याच वर्षी सविस्तर उजेडात आली. ती आता पुढच्या पिढीपर्यंत पोहोचायला हवी. आपल्या छत्रपती संभाजीनगरात 1977 पासून शासनाची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी घडवीत आहे. तेथील अध्यापकांना माझी विनंती आहे की, समुद्रापासून इतक्या दूर वाढलेल्या मराठवाड्यातील मुलांना खुलन्याची मोहीम नकाशासकट शिकवावी, आणि तिच्यासोबत प्लासीच्या त्या तळाचाही एक पाठ द्यावा.