तपकिरीच्या डबीवरची चांदीची नक्षी

तपकीर ओढणारी माणसे आता विरळ झाली. तिची चांदीची डबी मात्र एखाद्या घरी वाडवडिलांच्या पेटीत अजून सापडते. तिचे काय करावे हा प्रश्न पडला, की पाऊल सहसा सराफाकडे वळते. तेथे ती तराजूत पडते, तोळ्यांचा हिशेब होतो आणि डबी मोडीत जाते. चांदीचे मोल मिळते. नक्षीचे मोल मात्र मुशीत वितळून जाते.

तंबाखू दख्खनला जुनी परिचयाची. असदबेग याने ती विजापूरहून आणून अकबरापुढे ठेवली, ही १६०४ च्या सुमाराची हकीकत. तंबाखूची पूड म्हणजे तपकीर. तिला ओल लागली की तिचा गोळा होतो आणि उघडी राहिली की वास उडतो. म्हणून डबीचे झाकण घट्ट बसणारे हवे. कारागिराची पहिली परीक्षा येथेच, नक्षी त्यानंतरची.

नक्षीच्या तऱ्हा ओळखणे कठीण नाही. कोरीव कामात टाकीने धातू काढून रेषा उमटवतात. उठावाच्या कामात पत्रा मागून ठोकून फुगवतात. अशा डबीच्या आतल्या अंगाला खोलगट खुणा दिसतात. करीमनगरचे चांदीचे तारकाम जाळीदार असते. ते अत्तरदाणीला शोभते. तपकीर त्यातून गळून जाईल!

हैदराबादचा खरा अभिमान मात्र बिदरी कामाचा. बिदर १९५६ पर्यंत याच राज्यात होते. बिदरीत भांडे चांदीचे नसतेच. जस्तात थोडे तांबे मिसळून ते ओततात, कानशीने घासतात आणि मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे करतात, म्हणजे कोरलेली रेघ पांढरी उठून दिसते. त्या रेघेत चांदीची तार ठोकून बसवली की ती तारकशी. पत्रा बसवला की तहनिशान. आफताबीत उलटा प्रकार. तेथे चांदीचा पत्रा कातरून नक्षी काळी ठेवतात. शेवटी भांडे किंचित तापवून बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप चोळतात. धातू काळाभोर होतो, चांदी मात्र जशीच्या तशी लखलखते.

नक्षीतही दख्खनची आवड दिसते. खसखशीचे झुकलेले फूल, मोहरांसारखी अशरफी बुटी, माशाच्या खवल्यांची माही-पुश्त हे तिचे ठरलेले आकार. सालारजंग संग्रहालयातील बिदरी हुक्के व पानदाने डोळ्यांखालून घातली, की घरातली डबी निराळी दिसू लागते.

बिदरीत चांदी थोडी, म्हणून मोडीत फारसे हाती लागत नाही. कारागिराचे श्रम राहतात ते त्यामुळेच. निव्वळ चांदीच्या डबीचे नशीब तसे नाही. चारकमानच्या पेढ्यांकडे ती नेण्यापूर्वी एकदा भिंगाखाली धरावी. रेघ कोठे सुरू होते, टाकी कोठे वळली, बिजागरी किती बारीक आहे, हे पाहावे. कोणाची डबी, कोठून आली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहून आत ठेवावे. चांदी पुन्हा विकत घेता येईल. टाकीचा तो हात पुन्हा मिळणार नाही.